खाली घेतलेलं माणूस

"यावर कोण गेलं का?"

चर्चच्या मागच्या खोलीतून बेड न्यायला आलेला माणूस हे विचारतोच. बेड म्हणजे दवाखान्यातला लोखंडी पलंग. पायथ्याशी दांडी असते, ती फिरवली की डोक्याकडची बाजू वर उठते. माणूस आधी चाकं बघतो, मग दांडी फिरवून बघतो, मग दाराकडं एक नजर टाकून आवाज उतरवतो आणि विचारतो. पहिल्या वर्षी मी खरं सांगायचे. "हो, तीन जण." माणूस वॉकर घेऊन निघून जायचा आणि बेड तिथंच राहायचा.

एकदा तात्यांनी मला बाजूला घेतलं. तात्या कोऱ्हाळे बुद्रुकचे, ऊस लावणारे, माळकरी. त्यांच्या आईसाठी त्यांनी आमच्याकडून बेड नेला होता. परत करायला आले ते पिकअपसकट आमचेच झाले. चर्चमध्ये पाऊल टाकताना चपला बाहेर काढतात, उपासनेला थांबत नाहीत, पण रविवारी साडेअकराला गाडी दारात हजर, पुढं आमच्या चर्चची पाटी लावून.

"ताई, तुमी खोटं बोलताय," ते म्हणाले.

"मी? खोटं?"

"तीन जण बेडवर कुठं गेलं? तिघांनाबी खाली घेतलं व्हतं. आमच्यात बेडवर कोण जात न्हाय."

तेव्हा मला हे नवीन होतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. इकडं माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उतरवून जमिनीवर ठेवतात. तोंडात पाणी घालतात, जवळची माणसं भोवती बसतात. त्याला 'खाली घेणं' म्हणतात. शेवट जमिनीवर व्हावा, अधांतरी होऊ नये, अशी समजूत. मी हे ऐकून तोंड वाकडं केलं. पण तेव्हापासून आमचं उत्तर ठरलं. "बेडवर कोणी गेलं नाही." ते खरंही होतं, आणि बेड जायला लागले.

आता माझ्याबद्दल. मी बारामतीत एका छापखान्यात अक्षरजुळणी करते, म्हणजे डीटीपी. कॉलेजपासून पत्रकं लिहिते. पाण्याच्या पाळीसाठी, एसटीच्या बंद झालेल्या फेरीसाठी, अंगात येणाऱ्या बायांविरुद्ध. पत्रकाची एक सवय लागते. वर ठळक अक्षरात प्रश्न, मधे तीन मुद्दे, शेवटी उद्गारचिन्ह. मी बोलतेही तशीच. आमचे पाळक म्हणतात, तुझी प्रार्थनासुद्धा निवेदनासारखी असते, खाली सह्या तेवढ्या घ्यायच्या राहतात.

या अंकाच्या संपादकांनी मला 'चर्चचं सेवाकार्य' या विषयावर लिहायला सांगितलं. सेवा या शब्दावर माझा राग आहे. दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन म्हणतात, "आता घरी न्या, सेवा करा." याचा अर्थ खेड्यात प्रत्येकाला कळतो. आता काही होणार नाही, असं तोंडावर म्हणायचं नसतं म्हणून 'सेवा करा.' आणि मग ती सेवा करायची कशी, कूस कितीदा बदलायची, जखम कशी पुसायची, हे कोणी सांगत नाही. बाईमाणसाला ते उपजत येतं असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. आमचं काम तिथून पुढं सुरू होतं.

काम साधं आहे. मागच्या खोलीत बेड, हवेच्या गाद्या, वॉकर, खुर्चीचे संडास, चाकाच्या खुर्च्या. लागेल त्यानं न्यावं, गरज संपली की धुऊन परत आणावं. जात, धर्म, गाव काही विचारायचं नाही. कोणी म्हणालं तरच प्रार्थना करायची, नाहीतर गादी लावायची आणि यायचं. एका दानशूर गृहस्थांनी बेडच्या डोक्याशी आपलं नाव फूटभर अक्षरात रंगवून पाठवलं होतं. पेशंटनं उशाशी रोज ते वाचत पडायचं? मी ते एका रविवारी बसून खरवडून काढलं. गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. बेड मात्र चांगला चाललाय.

आणि लोकही एकेक. डाळजला एका घरी वडील बरे होऊन शेतात जायला लागले तरी बेड परत येईना. गेलो तर कर्ता मुलगाच त्यावर पाठ उंच करून टीव्ही बघत पसरलेला. उठलाच नाही. म्हणाला, "ताई, एवढी मॅच होऊ द्या." इंदापूरला आमच्या वॉकरवर लोणच्याच्या फोडी वाळत होत्या. मी चिडले, पण फोडी चांगल्या होत्या, आणि त्या बाईंनी आमच्याबरोबर बरणी दिली.

हे सगळं हसण्यावारी जातं. लोणी भापकरचं गेलं नाही.

मंगल नावाच्या बाईचा फोन आला. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईनं आमचा नंबर दिला होता. "सासूबाईंची पाठ लाल झाली. हवेची गादी असती म्हणं तुमच्याकडं." मी नाव, गाव लिहून घेतलं आणि रविवारी तात्यांच्या गाडीत गादी, आणि बरोबर एक बेडही टाकला. सोबत शालिनी सिस्टर. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त, वय अडुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. बेडसोर म्हणजे अंथरुणाला खिळलेल्याच्या अंगाला दाबानं पडणाऱ्या जखमा. त्या सिस्टर वासावरून ओळखतात.

सासूबाई म्हणजे पारूबाई. बाहेरच्या खोलीत, फरशीवर, एका वाकळेवर पडलेल्या. शेजारी कोपऱ्यात त्यांची खाट उभी करून ठेवलेली.

"खाटेवर का नाही?" मी विचारलं.

मंगलकडून हळू आवाजात कळलं ते असं. दोन आठवड्यांपूर्वी पारूबाईंना ताप भरला, खाणं सुटलं, दम लागला. डॉक्टर म्हणाले, सेवा करा. घरी आणलं, खाली घेतलं. पुण्याच्या, सोलापूरच्या लेकी आल्या, सगळे रडले, तोंडात पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पारूबाईंनी डोळे उघडून चहा मागितला.

चहा दिला. लेकी दोन दिवस थांबून परत गेल्या. पण पारूबाईंना परत खाटेवर कोणी घेतलं नाही. खाली घेतलेलं माणूस वर घेत नाहीत. म्हणून त्या चौदा दिवस फरशीवर होत्या. मरत नव्हत्या म्हणून कोणाला काही करता येईना, आणि जगत होत्या असं कोणी धरून चालत नव्हतं.

मी बेड उतरवायला तात्यांना हाक मारली. तेवढ्यात पारूबाईंचे धाकटे दीर आले. सगळं घर त्यांना आबा म्हणतं. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, आवाज बसका.

"बेड कशाला?"

"आजींना वर घ्यायला."

"त्यांना खाली घेतलंय."

"मग आता वर घ्या की."

"तसं करत न्हाईत."

इथं थांबायला हवं होतं. मंगलनं गादी मागितली होती, गादी गाडीत होती. ती टाकून यायचं. पण माझ्यातलं पत्रक उभं राहिलं. मी अंगणात, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. जिवंत बाईला तुम्ही मेलेली ठरवलीय. तुमच्या समजुतीसाठी तिची पाठ सडतीय. तुम्ही स्वतः एक रात्र झोपून दाखवा या फरशीवर. तीन मुद्दे, बरोबर क्रमानं. उद्गारचिन्हही असणार.

आबा ओरडले नाहीत. टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "चर्चात हेच शिकवत्यात का वो? थोरल्या माणसाच्या दारात येऊन वरडायचं?"

"चर्चचा काय संबंध?"

"गाडीवर तुमच्याच चर्चची पाटी हाय न्हवं? मंग चला. घेऊन जा समदं."

समदं म्हणजे गादीसुद्धा. मंगल दारात उभी होती. तिनं गादीच्या खोक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत गेली. मी गाडीत बसून तात्यांना म्हणाले, "बघितलंत? ही माणसं अशीच."

तात्यांनी गाडी सुरू केली. सिस्टर बोलल्या. "लाल होती गं पाठ. नुसती लाल. आज गादी लागली असती तर लालच राहिली असती."

पुढचे चार दिवस मी छापखान्यात लग्नाच्या पत्रिका लावत होते आणि मनात आबांशी भांडत होते. प्रत्येक भांडणात मी जिंकत होते. पाचव्या दिवशी तात्या एकटेच लोणी भापकरला जाऊन आले.

"गादी चालंल म्हणालं. जमिनीवर टाकायची. बेड न्हाय."

"कसं पटवलंत?"

"पटवलं कुठं? तासभर उसाचं बोललो. त्यांची लागण, माझी लागण, तोड कवा येणार. मंग त्यांनीच इषय काढला. आबांच्या वडलांना असंच खाली घेतलं व्हतं. ते सावरलं, परत खाटंवर घेतलं. म्हैन्याच्या आत थोरला भाऊ गेला. थोरला म्हंजी पारूबाईंचं मालक. आता घरात कर्ता पुतण्या एकच हाय, मंगलचा मालक. एमआयडीसीत पाळ्या करतो. त्याच्यासाठी भेत्यात ते."

मी म्हणाले, दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या म्हणून एक दुसरीमुळं झाली असं नसतं. तात्या म्हणाले, "ते खरं हाय. पर त्यांना इचारलं व्हतं का तुमी?"

विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी गेलो. आबा अंगणात विळ्याला धार लावत बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही. गादी फरशीवर पसरली, पंप लावला. या गादीत नळ्यांसारखे कप्पे असतात. पंप थोड्या थोड्या वेळानं काही कप्पे भरतो, काही सोडतो, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. सिस्टरनी पारूबाईंना कुशीवर वळवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "इकडं ये. बघ."

माकडहाडावर कातडी गेली होती. बोर बसेल एवढा खड्डा. पाच दिवसांपूर्वी तो नव्हता. मी आजवर शेकडो वाक्यं लिहिली, त्यातल्या एकाही वाक्याचा परिणाम मला इतका जवळून दिसला नव्हता.

पारूबाई जाग्या होत्या. त्यांनी मान वळवून मला विचारलं, "तूच का गं ती, वरडणारी?"

"हो आजी."

"माझ्यासाठी वरडलीस. बरं केलंस. पर वरडू नगं." मग मान परत छताकडं वळवली. "मलाच लाज वाटती. समदी येऊन गेली. लेकी रडून गेल्या. कामं सोडून आल्या व्हत्या गं. आता परत कसं बोलवायचं त्यांला?"

मी पंपाची नळी परत एकदा तपासली.

आता विटांचं सांगते. जखम रोज धुवायची असते, पट्टी बदलायची असते. रोजचं मंगल शिकली, आठवड्यातून दोनदा सिस्टर जायच्या. दुसऱ्याच खेपेला सिस्टर फरशीवर बसल्या त्या उठेनात. तात्यांनी आणि मी दोन्ही काखांत हात घालून उठवलं. सिस्टर म्हणाल्या, "अजून एकदा खाली बसवलंत तर मलाच खाली घेतल्यासारखं होईल."

मंगल हसली. त्या घरात हसू आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आणि तात्या उठून बाहेर गेले. अंगणात नव्या न्हाणीघरासाठी विटा रचून ठेवलेल्या होत्या. तात्यांनी आबांना विचारलं, "आबा, थोड्या इटा घेऊ का? आन् ती जुन्या दाराची फळी? सिस्टरचं गुडघं गेल्यात, वाकता येत न्हाय. गादी जरा उंचावर आली म्हंजी बरं पडंल."

आबांनी विळ्याची धार अंगठ्यावर बघितली. "सिस्टरच्या गुडघ्यासाठी?"

"व्हय."

"घ्या."

गादीखाली फळी आली, फळीखाली विटेचा एक थर. सिस्टर फार तर चार बोटं कमी वाकल्या. पुढच्या खेपेला दुसरा थर. रीत अशी, की चौघांनी फळीचे चार कोपरे उचलायचे, सिस्टरनी काठीनं विटा आत सरकवायच्या. मी, तात्या, मंगल आणि तिचा नवरा. पारूबाई वरती निवांत, पालखीत बसल्यासारख्या.

मला हे अजिबात आवडत नव्हतं. गाडीत मी तात्यांशी भांडले. ही पळवाट आहे. उचलायचंच आहे तर सांगून उचला. 'ही समजूत चुकीची आहे' हे त्या घरात कोणीतरी मोठ्यानं म्हणायला पाहिजे. तात्या गियर बदलत म्हणाले, "म्हणा की तुमी. जखम भरल्यावर म्हणा." मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या थराच्या दिवशी मंगलचा नवरा पाळीवर होता. एक कोपरा रिकामा. आम्ही एकमेकांकडं बघत उभे. आबा आत आले, काही न बोलता चौथा कोपरा धरला आणि तोंड भिंतीकडं वळवलं. आम्ही उचललं, विटा सरकल्या, ठेवलं. आबा हात झटकून बाहेर गेले.

त्या दिवशी पट्टी करताना पारूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "इटा मोजतीया मी. पैल्यांदा मला समद्यांचं पायच दिसायचं. कोण आलं ते पायावरून वळखायची. मंग उंबरा दिसाया लागला. आज शेळी दिसली बघ अंगणातली. गाभण हाय का गं ती?"

गाभण होती. सहाव्या थराला जखम गुलाबी व्हायला लागली. नवं मांस भरतं तेव्हा तसा रंग येतो. सिस्टर त्या रंगावर इतक्या खूष झाल्या की त्यांनी मंगलला मिठी मारली. खरं म्हणजे जखम मंगलनं भरली होती. पहाटे उठून, दर दोन तासांनी कूस बदलून, त्यात जनावरं, स्वयंपाक, शाळेचे डबे. सेवा हा शब्द कोणाला वापरायचाच असेल तर तिच्यासाठी वापरा, आणि वापरण्याआधी तिला एक दिवस झोपू द्या.

मग एका रविवारी आम्ही विटा आणि फळी काढून तिथं बेड लावला. आबांनी टेपनं मोजल्यासारखं बघितलं.

"उंची तीच हाय न्हवं?"

"तीच," तात्या म्हणाले.

"मंग ठीक."

मंगलनं पहिल्यांदा दांडी फिरवली. पारूबाईंची पाठ हळूहळू उठत गेली. "अजून," त्या म्हणाल्या. "अजून. अजून जरा. हां." समोर दार, दारातून अंगण, अंगणापलीकडं रस्ता. "आता कसं! कोण कुणाच्या घरला चाललंय ते दिसतंय." पुढं कित्येक महिने त्या तशाच बसून शेंगा फोडायच्या आणि रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायच्या. पुतण्याला, म्हणजे ज्याच्यासाठी आबा भीत होते त्याला, काही झालं नाही. मी हे आबांना बोलून दाखवायची संधी शोधत होते. सिस्टरनी दोनदा माझा हात दाबला.

आणि एक दिवस मंगलचा फोन. "ताई, सासूबाई गेल्या." सकाळी त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, आता घ्या मला खाली, पण आधी चहा द्या. चहा घेतला. लेकींना फोन लावून दिले, दोघींशी बोलल्या. मग खाली घेतलं. दुपारी गेल्या. सिस्टरनी एकच विचारलं, "पाठ कशी होती?" मंगल म्हणाली, "सिस्टर, एक डाग नव्हता बघा."

मी त्यानंतर पत्रक लिहिलं. लिहिणारच. पण त्यात 'अंधश्रद्धा' हा शब्द कुठं बसेना. दोनदा घातला, दोनदा खोडला. शेवटी एवढंच राहिलं. खाली घेण्याआधी डॉक्टरला परत एकदा बोलवा. खाली घेतलेलं माणूस सावरलं तर त्याला वर घ्या. आणि तोंडात पाणी घालण्याआधी त्याला विचारा, तुला काय हवंय. हे पत्रक आता प्रत्येक गादीच्या खोक्यात असतं. उद्गारचिन्ह नाही. आमचे पाळक म्हणाले, तुझी तब्येत बरी आहे ना?

यंदा उन्हाळ्यात पाटाच्या चारीच्या कडेला पाय घसरून आबा पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी घरी पाठवलं. फोन मंगलनं लावून दिला, बोलले ते स्वतः.

"कोण, वरडणाऱ्या ताई का?"

"हो आबा. मीच."

"वैनीचा बेड मोकळा हाय का?"

मी चाचरले. सवयीनं ते ठरलेलं उत्तर ओठावर आलं होतं, यावर कोणी गेलं नाही म्हणून. "आहे," मी म्हणाले. "रविवारी आणतो. गादी आणतो, सिस्टरही येतील."

"या. आन् ताई," ते म्हणाले, "इटा नका लावू. एकदम वरच घ्या." मग बसका आवाज आणखी खाली गेला. "खाली कवा घ्यायचं ते माझं मी सांगीन."